पाणी शेपटीतून शिरलं

नागपूरच्या लकडगंजात माझं लाकडाला पॉलिश करायचं काम. दिवाण, देवघरं, दारं हेच रोजचं. त्यामुळे मे महिन्यात एक पोरगा डब्यातून बोटभर लांबीचे लाकडी मासे घेऊन आला, तेव्हा हातातला ब्रश मी खाली ठेवला. मरळ गळाला लागावी म्हणून त्यानं ते सावरीच्या लाकडात स्वतः कोरले होते. डोळे, खवले, पोटावरची चंदेरी झाक, सगळं हातानं रंगवलेलं. पण शेपटीकडून रंगाला भेगा गेल्या होत्या.

"काका, पाहा ना, पुन्हा रंगवला तरी तेच. आधी मस्त पोहते, मग शेपटी खालीच जाते."

त्याला विचारून एक मासा बारीक करवतीनं उभा चिरला. सगळीकडे कोरडं, फिकट लाकूड, आणि गळ अडकवायच्या शेपटीच्या स्क्रूभोवती पेरभर काळपट ओला पट्टा. नख दाबलं तर रुतलं. रंगाचा दोष नव्हताच. रंग वाळल्यावर त्यानं स्क्रू फिरवला होता, म्हणजे भोकात लाकूड उघडंच. पाणी तिथून शिरलं, लाकूड फुगलं, वरचा कडक थर तडकला.

त्याच्या डोळ्यांसमोर व्हावं म्हणून सावरीचे दोन तुकडे लाल शाईच्या पाण्यात उभे केले. एकाची रेषा, म्हणजे लाकडाचे तंतू, उभी, दुसऱ्याची आडवी. चहा होईस्तोवर पहिल्यात शाई वर चढलेली. दुसऱ्याचा तळच काय तो रंगला. झाड ज्या नळ्यांतून पाणी वर नेतं, त्या कापल्या टोकाला उघड्याच राहतात. म्हणून तोंड, शेपटी आणि भोकं यांना सीलर, म्हणजे लाकडाची छिद्रं बुजवणारा पहिला थर, जास्त लागतो.

त्यानं कोरे मासेही आणले होते. सगळी भोकं आधीच पाडून घेतली, पॉलिश पेपर मारला, धूळ झटकली आणि थांबलो. पोराला घाई होती. पण तापत्या लाकडाला सीलर लावला की आतली हवा फुगून बाहेर येते आणि थरात टाचणीएवढी भोकं राहतात. नागपूरच्या मे महिन्यात तर हे ठरलेलंच. ऊन उतरल्यावर, लाकूड निवत असताना, सीलर म्हणून पातळ इपॉक्सी लावलं, दोन भाग कालवले की घट्ट होणारं रसायन. भोकांत काडीनं आतपर्यंत फिरवलं. चपडा, म्हणजे लाखेचं पॉलिश, माझ्या आवडीचा, पण वरचा थर म्हणून इथे चालत नाही. पाण्यात राहिला की पांढरा पडतो.

पुढचं त्याला नीट समजावलं. सीलर पक्का वाळला की हलका पेपर, पांढरा प्रायमर, मग रंग, आणि शेवटी पुन्हा इपॉक्सी. दोन्ही भाग डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच, नाहीतर थर चिकट राहतो. एका वेळी थोडंच कालवायचं आणि लगेच फरशीच्या तुकड्यावर पसरायचं. वाटीत ढीग राहिला तर स्वतःच्याच उष्णतेनं वाटीतच घट्ट होतं. ओघळ येऊ नयेत म्हणून मासा सावकाश फिरत ठेवायचा. त्यासाठी जुन्या कूलरची स्विंग मोटर त्याला काढून दिली. स्क्रू बसवतानाही भोकात इपॉक्सीचा थेंब सोडायचा. हातमोजे घालायचे, खिडकी उघडी ठेवायची.

पावसाळ्यात तो परत आला. मासा सरळ पोहत होता, पोटावर मरळीच्या दातांचे ओरखडे. नख फिरवून पाहिलं, एक ओरखडा लाकडापर्यंत गेला होता. इपॉक्सीनं बुजवायच्या आधी मासा पुरता वाळू दे म्हणालो, ओल आत कोंडली तर थर पुन्हा उचलेल. या वेळी त्यानं घाई केली नाही, मासा माझ्याकडेच ठेवून गेला.