पुस्तकवाल्याच्या तोफा

महाद्वार रोडच्या मागच्या बोळात माझं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. जून-जुलैची गर्दी ओसरली की मी गल्ल्यावर बसून वाचतो. वडील चिडायचे, "इकायची पुस्तकं वाचून काय लढाईवर जाणार हाईस?"

त्यांना हेन्री नॉक्स सांगायचा राहिला. बोस्टनमधला पुस्तकविक्रेता. गडी दुकानातलीच लष्करी पुस्तकं वाचून तोफखाना शिकला. शिकारीत बंदूक फुटून डाव्या हाताची दोन बोटं गेलेली. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, १७७५ च्या हिवाळ्यात, इंग्रजांच्या ताब्यातलं बोस्टन सोडवायला सेनापती वॉशिंग्टननं त्याला टिकॉन्डेरोगा किल्ल्यावरच्या तोफा आणायला धाडलं, तेव्हा वय २५. साधारण ६० टन लोखंड-पितळ, बर्फावरच्या घसरगाड्या, बैल, घोडे आणि जवळपास ३०० मैल! वाटेत नदीवरचा बर्फ फुटून तोफ पाण्यात गेली, तर तीही वर काढली.

परवा पन्हाळ्याच्या चढावर आमचा टेम्पो बंद पडला. वह्यांचे ४० गठ्ठे दुसऱ्या गाडीत चढवताना माझी कंबर धरली. नाद खुळा माणूस तो नॉक्स!

मार्च १७७६ मध्ये एका रात्रीत बोस्टनलगतच्या डॉर्चेस्टरच्या टेकड्यांवर तोफा चढल्या, आणि १७ तारखेला इंग्रजांनी बोस्टन सोडलं. पुढं वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष झाल्यावर नॉक्स युद्धमंत्री झाला. नंतर जमिनींच्या नादात कर्जबाजारीही झाला, ते असो.

१८०६ मध्ये गेला तो मात्र कोंबडीचं हाड गिळून. हे घरी सांगितल्यापासून रविवारी पांढरा रस्सा वाढताना बायको आधी हाडं वेचते आणि म्हणते, "जेवताना पुस्तक ठेवा बाजूला."