पुनर्विकासाआधी घर आवरताना: भांडी, पैठणी, फोटो, कॅसेट

ठाण्याच्या नौपाडा-पाचपाखाडीतली जुनी इमारत पुनर्विकासाला निघाली की घरातली प्रत्येक वस्तू दोनदा हलते. आधी भाड्याच्या घरात, मग नव्या घरात. त्यामुळे काय ठेवायचं आणि काय द्यायचं, हे पहिला टेम्पो भरण्याआधीच ठरवावं. सुरुवात फोटोंपासून मात्र करू नका. अल्बम उघडला की दिवस तिथेच सरतो. आधी भांडी, मग कपडे, फोटो आणि पत्रं अगदी शेवटी.

मोडीत भांडी देताना सगळ्यांचं एकत्र वजन केलं की नुकसान ठरलेलं. पितळ, तांबं, कासं यांचे भाव वेगळे असतात आणि कासं पितळेपेक्षा महाग असतं. काशाची वाटी तळहातावर ठेवून चमच्याने हलकेच वाजवा, नाद बराच वेळ घुमतो. पितळेचा लवकर विरतो. तिन्ही ढीग घरीच वेगळे करा, लोखंडी कड्या काढा, वजनं लिहा, मगच बाजारात जा. त्याआधी प्रत्येक भांड्यावर कोरलेलं नाव आणि साल वाचा. पणजीच्या नावाचा तांब्या मोडीत गेला तर परत मिळत नाही. पितळेचं पातेलं वापरायला ठेवणार असाल तर कल्हई करून घ्या. कल्हई उडालेल्या पातेल्यात आमटी किंवा ताक कळकतं.

साड्यांची प्रत्येक घडी उलगडून पाहा. पावत्या, नोटा, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेटसुद्धा तिथे निघतं. पैठणी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, ओल आत कोंडते आणि जरीचे काठ काळे पडतात. डांबराच्या गोळ्या जरीला टेकू देऊ नका. धुतलेल्या मऊ सुती कापडात पैठणी गुंडाळा आणि दर ३-४ महिन्यांनी घडी बदला, कारण सतत एकाच मोडीवर राहिलेलं रेशीम तिथेच चिरतं. चिरलेली पैठणी नेसता येत नाही, पण काठ-पदर बहुधा शाबूत असतात. त्यांचं बाळाचं झबलं-टोपडं सुंदर होतं. सुती नऊवारींची गोधडी करावी. आमच्या मते जुन्या साडीचा याहून चांगला उपयोग नाही.

पुस्तकं १८९३ साली सुरू झालेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाला द्यावीशी वाटतील. गठ्ठा नेण्याआधी यादी दाखवून विचारा.

फोटोंचं काम हिवाळ्यात करा. पावसाळ्यात खाडीकाठच्या दमट हवेत ते एकमेकांना चिकटतात. चिकट पानांच्या अल्बममधला फोटो नखाने उचलू नका, त्याखालून दात साफ करायचा दोरा आडवा सरकवा. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढला तर चेहराच काचेवर राहतो. तो काचेसकट स्कॅन करा. मोठी प्रत काढायची असेल तर स्कॅन ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) हवा. मागे नावं लिहायची ती मऊ पेन्सिलीने. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो.

कॅसेटवर पांढरी बुरशी दिसली तर ती वाजवू नका, प्लेअरही खराब होतो. चांगल्या कॅसेटच्या वरच्या प्लास्टिकच्या दोन्ही जिभल्या आधी तोडा, म्हणजे चुकून पुसली जाणार नाही. टेपरेकॉर्डरमधून वायरने संगणकावर घेताना ६० मिनिटांच्या कॅसेटला ६० मिनिटंच लागतात आणि वेव्ह (WAV, आवाज न आकसता साठवणारी) फाइल साधारण ६०० एमबीची होते. आवाज कोणाचा, साल कोणतं, हे फाइलच्या नावातच लिहा, आणि तो आवाज ओळखणारं माणूस घरात आहे तोवर लिहा.