अकरा दिवस

ताई मला ओपीडीत घेऊन गेली तो सिगारेट सोडल्याचा अकरावा दिवस होता. आठवडाभर उशीचा अभ्रा रोज सकाळी लाळेनं ओला होत होता. जीभ जड झाली होती, बोलताना शब्द अडकत होते. जिना चढताना दोनदा तोल गेला. दुपारी प्रूफं घेऊन बसले की चार ओळींतच डोळा लागायचा. ताईला वाटलं, आजार उलटला. मला वाटलं, सिगारेट सोडताना असंच होत असणार, दात-ओठ खाऊन सोसायचं.

डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं, "गोळ्या चुकून जास्त घेतल्या गेल्या का?" ताईनं पिशवीतून पाकिटं काढून एकेक गोळी मोजून दाखवली. हिशोब बरोबर होता. मग त्यांचं लक्ष माझ्या बोटांकडे गेलं. पिवळेपणा अजून होता, पण फिकट झाला होता.

"सिगारेट कमी केलीत का?"

"सोडली. आज अकरा दिवस झाले." मला किती अभिमान वाटत होता ते आजही आठवतं. महिना पूर्ण झाला की मगच सांगायचं, असं मी ठरवलं होतं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे तुम्हाला आम्ही आधीच सांगायला हवं होतं," त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत एखाद्या डॉक्टरांनी माझ्यासमोर असं कबूल केल्याचं मला आठवत नाही.

मला स्किझोफ्रेनिया आहे आणि मी क्लोझापीन घेते. तेव्हा डोस दिवसाला ४०० मिलिग्रॅम होता आणि सिगारेटी बावीस. त्या दिवशी जे कळलं ते असं. तंबाखूच्या धुरातली काही रसायनं यकृतातल्या सीवायपी १ए२ नावाच्या एन्झाइमचं काम वाढवतात. क्लोझापीन मोडून शरीराबाहेर काढण्यात याच एन्झाइमचा मोठा वाटा असतो. म्हणजे मी ओढत होते तोवर गोळीचा बराचसा भाग उपयोगी पडण्याआधीच संपत होता, आणि ४०० चा आकडा अशा धूर भरलेल्या शरीराकडे बघून ठरला होता. धूर बंद झाला की साधारण आठवडाभरात एन्झाइम मंदावतं. गोळी तीच राहते, पण रक्तातलं प्रमाण चढत जातं. ते फार चढलं तर फिटचे झटके येण्याचा धोका असतो. ओलान्झापीन या याच आजारावरच्या दुसऱ्या औषधाचंही असंच होतं, जरा कमी प्रमाणात. रिस्पेरिडोन, क्वेटियापीन यांचा मार्ग वेगळा असल्यामुळे त्यांच्या बाबतीत ही अडचण येत नाही.

आणि हे काम निकोटीनचं नाही, धुराचं आहे. त्वचेला निकोटीनचा पॅच लावला, निकोटीनची च्युइंग गम चघळली, तरी एन्झाइमच्या लेखी तुम्ही सिगारेट सोडलेलीच असता.

माझं रक्त घेतलं. रिपोर्टची वाट न बघता डोस ३०० वर आणला. दोन दिवसांनी रक्तातल्या क्लोझापीनचा आकडा आला: ८१०. चार महिन्यांपूर्वी तो ४३० होता.

त्या रात्री मी मोजत बसले. तेरा वर्षं ओढत होते, त्यातली नऊ क्लोझापीनवर. या औषधासाठी पांढऱ्या पेशी सतत तपासाव्या लागतात, त्यामुळे नऊ वर्षांत माझ्या दंडाला सुई किती वेळा लागली त्याची गणती नाही. वजन झालं, साखर झाली, बद्धकोष्ठता आहे का हेही दर वेळी विचारलं गेलं. सिगारेट किती ओढता, असं एकदा, अगदी सुरुवातीला, फॉर्म भरताना विचारलं होतं. सोडायचीय का, असं एकदाही नाही.

सुरुवात कशी झाली तेही सांगते, कारण अनेकांची अशीच झालेली आहे. तेवीस वर्षांची असताना पहिल्यांदा ॲडमिट झाले. वॉर्डात दुपार संपता संपत नसे. डोक्यातले आवाज, भिंती, पलंग. मागच्या अंगणाचं दार दिवसातून चार वेळा उघडायचं, तेही फक्त ओढणाऱ्यांसाठी. पाचव्या दिवशी शेजारच्या पलंगावरच्या मुलीनं विचारलं, "येतेस?" तिनं मला एक दिली, पेटवून दिली, आणि मी नऊ दिवसांत पहिल्यांदा आभाळ पाहिलं. ॲडमिट होण्याआधीचे चार दिवस मी खोलीतून बाहेरच पडले नव्हते. बाहेरच्या हवेसाठी मी सिगारेट ओढायला शिकले.

पुढे एक सिस्टर आंघोळ वेळेवर केली की एक सिगारेट जास्त द्यायच्या. त्या प्रेमळ होत्या, मला त्यांच्याबद्दल राग नाही. अशी बक्षिसं जगभरच्या मनोरुग्णालयांत दिली जात होती. इंग्लंडमध्ये २००७ साली बंदिस्त सार्वजनिक जागी धूम्रपानबंदी आली तेव्हा मानसिक आजारांच्या निवासी वॉर्डांना आणखी एक वर्षाची मुदत मिळाली, ती १ जुलै २००८ ला संपली. फुप्फुसं सगळ्यांना सारखीच असतात, मग आमच्यासाठीच वेगळी मुदत का, हा प्रश्न मला अजून छळतो.

घरीही तेच. "तिला तेवढाच एक आधार आहे, राहू दे." आई म्हणायची, ताई म्हणायची, मीही म्हणायची. मायेपोटीच म्हणत होतो आम्ही सगळ्या. निकोटीन म्हणजे आमच्यासारख्यांनी स्वतःवर स्वतःच केलेला उपचार, अशी एक मांडणी आहेच. निकोटीननं लक्ष थोडा वेळ एकवटतं हे खरं आहे. म्हणून मला ती मांडणी पटायची, कारण सकाळची पहिली ओढली की डोक्यातला गढूळपणा खाली बसायचा. पण निकोटीनचं रक्तातलं प्रमाण साधारण दोन तासांत निम्मं होतं. रात्रभराच्या झोपेनंतर सकाळी जो गढूळपणा जाणवायचा त्यात आजार किती आणि निकोटीन उतरल्याचा त्रास किती, हे मी कधी तपासलंच नव्हतं. दिवसाला बावीस वेळा मला बेचैनी यायची आणि बावीस वेळा मी तिलाच आजार समजायची.

याच मांडणीबद्दल २००८ साली 'स्किझोफ्रेनिया बुलेटिन'मध्ये एक शोधनिबंध आला. संशोधकांनी तंबाखू कंपन्यांची अंतर्गत कागदपत्रं वाचली होती. स्किझोफ्रेनिया असलेल्यांना निकोटीनची गरजच असते, या कल्पनेला बळ देणाऱ्या संशोधनाला कंपन्यांनी पैसा पुरवला होता आणि रुग्णालयांतल्या बंदीतून मनोविकार विभाग वगळण्याच्या प्रयत्नांनाही त्यांची साथ होती. ते वाचून मी रडले. 'तेवढाच एक आधार' हे वाक्य मी आईचं समजत होते.

उलट बाजूचा पुरावाही आहे. २०१४ साली 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात २६ अभ्यासांचा एकत्रित आढावा छापून आला. सिगारेट सोडलेल्यांची चिंता, नैराश्य, ताण हे सगळं ओढत राहिलेल्यांच्या तुलनेत कमी झालेलं दिसलं, आणि मानसिक आजार असलेल्यांमध्येही तो फरक तितकाच होता. आमच्यासारख्या गंभीर आजारांत आयुष्य दहा ते वीस वर्षांनी कमी भरतं. त्यात मोठा वाटा हृदयाचा आणि फुप्फुसांचा असतो. घरचे आमच्या आवाजांना घाबरतात, आणि धोका दुसरीकडूनच येत असतो.

आता पुढचं. एकोणिसाव्या दिवशी मी पुन्हा पेटवली. आठवडाभरात सिगारेटींचा आकडा पूर्वीसारखा बावीसवर गेला आणि हेही मी ओपीडीत सांगितलं नाही, शरमेनं. डोस ३०० वरच होता. धूर परत आला, एन्झाइम पुन्हा जोरात कामाला लागलं, औषध कमी पडू लागलं. तिसऱ्या आठवड्यात आवाज परतले. त्यातला एक, सर्वांत जुना, फक्त "पेटव" म्हणायचा. हे मी मुद्दाम लिहितेय. सोडल्याचं सांगणं जितकं गरजेचं आहे तितकंच पुन्हा सुरू केल्याचं सांगणंही. वॉर्डात धूम्रपानबंदी असेल आणि घरी येऊन लगेच पाकीट उघडलं, तरी हेच होतं.

दुसरी खेप पाच महिन्यांनी. या वेळी तारीख डॉक्टरांसोबत बसून ठरवली. त्यांनी सिगारेट सोडायला मदत करणारे तीन पर्याय मांडले, दोन गोळ्या आणि पॅच. ब्युप्रोपिऑन त्यांनीच बाजूला केलं, कारण त्यानंही झटक्यांचा धोका वाढतो आणि क्लोझापीननंही. व्हरेनिक्लिनची मला भीती होती, त्यानं मन बिघडतं असं ऐकलं होतं. त्यांनी समजावलं की २०१६ साली आठ हजारांहून जास्त लोकांवरचा मोठा अभ्यास झाला, त्यातल्या निम्म्या लोकांना मानसिक आजार होता, आणि पॅच किंवा नुसत्या खोट्या गोळीच्या तुलनेत या औषधानं मनाचे गंभीर त्रास लक्षणीय वाढलेले दिसले नाहीत. त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनानं त्यावरचा चौकटीतला कडक इशारा काढला. तरी मी पॅच निवडला, गोळ्या आधीच पुष्कळ होत्या म्हणून.

२१ मिलिग्रॅमचा पॅच आणि जोडीला ४ मिलिग्रॅमची गम, कारण मी जाग आल्यावर पाच मिनिटांत पहिली ओढायची. गम कशी खायची हे मला कुणी शिकवलं नसतं तर मी ती टाकूनच दिली असती. थोडी चावायची, झिणझिण्या आल्या की गालाशी दाबून ठेवायची, चव गेली की पुन्हा चावायची. सारखी चघळत राहिलं की नुसत्या उचक्या लागतात. कॉफी प्यायल्यावर पंधरा मिनिटं थांबायचं, नाहीतर निकोटीन तोंडात नीट शोषलं जात नाही. पॅचमुळे स्वप्नं फार ठसठशीत पडायची आणि माझ्यासारखीला ती सकाळी खऱ्यापासून वेगळी काढावी लागतात. म्हणून रात्री झोपताना पॅच काढायचा, असं ठरलं.

कॉफीचं मला सर्वांत नवल वाटलं. कॅफीनही त्याच एन्झाइमकडून मोडलं जातं. सिगारेट सुटली की तेच सहा कप जवळपास दुप्पट होऊन लागतात. छातीत धडधड, हाताला कंप, रात्रभर जाग. पहिल्या खेपेला मी हे सगळं तल्लफेच्या खाती टाकलं होतं. शिवाय जास्त कॅफीन क्लोझापीनची पातळीही वाढवतं. या वेळी सहाचे हळूहळू तीन कप केले.

डोस टप्प्याटप्प्यानं कमी झाला, दर टप्प्याला रक्त तपासून. स्वतःच्या मनानं मी एक गोळीही कमी केली नाही. तुम्हीही करू नका, कृपा करून.

तल्लफ आली की प्रूफचं एक पान उलटं वाचायचं, शेवटच्या शब्दापासून पहिल्या शब्दापर्यंत. मुद्रितशोधनात चुका पकडायची ही जुनी पद्धत आहे. अर्थ हाती लागत नाही, त्यामुळे मनाला एकेका अक्षरावर थांबावं लागतं. पान संपेपर्यंत तल्लफ बहुतेक वेळा ओसरलेली असायची. नसली तर दुसरं पान. त्या महिन्यात मी एक अख्खा शब्दकोश तपासून दिला. "पेटव" म्हणणारा आवाज पहिले दोन आठवडे वाढला, मग विरळ झाला. गेलेला नाही. पण आता तो आला तर मला पॅच लावायला विसरल्यासारखं वाटत नाही, नुसता आवाज ऐकल्यासारखं वाटतं.

फुंकर मारून श्वासातला, सिगारेटच्या धुरातून आलेला कार्बन मोनॉक्साइड मोजायचं यंत्र ओपीडीत आहे. पहिल्या दिवशी आकडा २४ होता. पुढच्या भेटीत ३. सिस्टरनी तो मला दोनदा वाचू दिला.

याला आता दोन वर्षं चार महिने झाले. डोस २५० आहे. वजन पाच किलोंनी वाढलं, त्याच्याशी झगडणं चालू आहे.

मागच्या आठवड्यात तिचा फोन आला, त्या शेजारच्या पलंगावरच्या मुलीचा. आम्ही दोघी आता चाळिशीकडे झुकलोय. ती ओलान्झापीनवर आहे, रोजच्या पंचवीस-तीस, जिना चढताना धाप लागते. मी विचारलं, "सोडायचीय का गं तुला?" ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "हे मला आजवर कुणी विचारलंच नाही."

आम्ही फोनवरच एक कागद तयार केला: रोजच्या सिगारेटी किती, जाग आल्यावर पहिली किती वेळानं, गोळ्या कुठल्या, डोस किती, कॉफी किती कप. मंगळवारी तिची ओपीडी आहे. मी सोबत जातेय.