तुम्ही विचारलंत म्हणून: नवऱ्याची मुलगी आणि आम्ही दोघे

“तुमच्या नवऱ्याचा त्याच्या मुलीवर इतका जीव आहे, मग त्या घरात तुम्हाला परकं नाही वाटत?” हा प्रश्न मला अनेकींनी विचारला आहे, आणि बहुतेक वेळा आवाज खाली आणून. वाटते. पहिली तीन वर्षे तर रोज वाटत असे. बापलेकीचे हसणे ऐकून मी खोलीत जाई आणि माझे पाऊल आत पडताच ते थांबे. कोणी माझे काही वाईट केलेले नसे, त्यामुळे तक्रार तरी कशाची करावी, हे कळत नसे.

एरवी माणसे आधी नवराबायको होतात आणि नंतर आईबाप. आमच्याकडे हा क्रम उलटा होता. त्यांचे नाते नऊ वर्षांचे आणि आमचे जेमतेम एका वर्षाचे. सावत्र कुटुंबांचा दीर्घकाळ अभ्यास केलेल्या मानसशास्त्रज्ञ पॅट्रिशिया पेपरनाऊ अशा घरातील ‘आतल्या’ आणि ‘बाहेरच्या’ जागांविषयी लिहितात: मुलाशी आधीपासून जोडलेला पालक आत असतो आणि नंतर आलेला जोडीदार बाहेर. ते वाचेपर्यंत मी स्वतःला मत्सरी समजत होते. त्या जागेवर आलेल्या कोणालाही असेच वाटू शकते, हे कळले तेव्हा मी रडले.

मूल आणि पालक यांच्यातील ओढीविषयी मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी केलेली मांडणी १९८७ मध्ये सिंडी हेझन आणि फिलिप शेव्हर या मानसशास्त्रज्ञांनी प्रौढांच्या प्रेमसंबंधांना लावून पाहिली. आपले माणूस हाकेला ओ देईल की नाही, या शंकेने मोठी माणसेही कासावीस होतात. मी कासावीस झाले की टोचून बोलत असे, तो गप्प होऊन मुलीच्या खोलीत जात असे, आणि त्याचे जाणे पाहून माझी शंका पक्की होत असे.

एका रात्री तो म्हणाला, “तुझ्याशी बोलत बसलो की तिला टाकल्यासारखं वाटतं, तिच्याजवळ बसलो की तुला.” आतली जागा सुखाची असते, असे मी तोवर धरून चालले होते. त्यानंतर तिघांनी सतत एकत्र असण्याचा हट्ट आम्ही सोडला. त्याचा तिच्यासाठी वेगळा वेळ, आमचा वेगळा. आणि तिला रागावायचे असेल तर ते त्यानेच, हे ठरले. माझ्याशी बरे वागणे तिला आईशी बेइमानी केल्यासारखे वाटत होते, हे मला फार उशिरा समजले, याचे वाईट वाटते.

परकेपण अजूनही मधूनमधून येते. आता ते मी त्याला त्याच दिवशी सांगते.