बेडकाची पांढरी अंडी: माझा अनुभव

बागेतल्या छोट्या तळ्यात बेडकांनी अंडी घातली होती, नेहमीचे काळ्या ठिपक्यांचे बुळबुळीत गोळे, पण त्यातला एक गोळा अख्खा पांढरा, एकही काळा ठिपका नाही. मला वाटलं मेलीत, काढून टाकूया, नाहीतर बाकीच्यांना बुरशी लागेल. हात पाण्यात घातलाही होता, पण म्हटलं एकदा भिंगातनं बघू. मेलेलं अंडं गढूळ होतं आणि थोड्याच दिवसांत त्याच्यावर कापसासारखे तंतू येतात, ही मात्र स्वच्छ, गोल, कुठेच धूसर नाहीत.

मग तळ्याचंच पाणी टबात घेऊन गोळा अलगद त्यात सोडला आणि टब सावलीत ठेवला. सावली महत्त्वाची, कारण अंड्याच्या वरच्या भागातला काळा रंग म्हणजे मेलॅनिन, तो आतल्या जीवाला उन्हातल्या अतिनील किरणांपासून वाचवतो आणि ह्यांच्याकडे तोच नव्हता. रोज सकाळी खराब झालेली अंडी चमच्याने काढायची, थोडं पाणी बदलायचं, बाकी हात लावायचा नाही. तरी बरीच गेली, वाईट वाटलं.

चौथ्या दिवशी गोल अंडी लांबट दिसायला लागली, मग स्वल्पविरामासारखी वळली, आणि एकदा भिंगाखाली एक जण चक्क हलला!! बाहेर आले तेव्हा सगळे सायीच्या रंगाचे, डोक्याच्या बाजूला बारीक पिसांसारखे कल्ले, जेलीला चिकटून नुसते लटकलेले. सुरुवातीला ते पोटातल्या बलकावरच जगतात त्यामुळे खायला टाकायची घाई करू नका, पाणी खराब होतं फक्त.

मी लाल डोळ्यांची वाट बघत होते, म्हणजे अल्बिनो (जन्मतःच अंगात रंग नसलेले, म्हणून डोळे लाल दिसणारे) असतील असं धरूनच चालले होते. पण डोळ्यांच्या जागी आले दोन काळे ठिपके, मग पाठीवर करडी झाक, आणि काही दिवसांत सगळे टॅडपोल बाकीच्यांसारखेच काळपट! नंतर वाचून कळलं की अंड्यातला काळा रंग आई भरते, पिल्लू स्वतःचा रंग नंतर स्वतः बनवतं. आईकडे तो रंग बनवणारं जनुक बिघडलेलं असलं तरी बापाकडून चांगलं आलं की पिल्लाला रंग येतो.

शेवाळ खरवडून खायला लागले तसे सगळे त्याच तळ्यात परत सोडले (दुसऱ्या तळ्यात नका सोडू, पाण्याबरोबर रोग जातात). आता मागचे पाय फुटलेले दिसतात काहींना, पण त्यातले माझ्या टबातले कोणते ते ओळखूच येत नाही.