साल टाकून दितत?

पिनांगच्या त्या हॉटेलात लिफ्टशेजारी एक पाटी होती. दोन फळांची चित्रं आणि दोन्हींवर लाल फुली. पहिलं ड्युरियन, ते काटेरी, उग्र वासाचं फळ. क्वालालंपूरला तीन वर्षं काढल्यावर त्याच्या वासाबद्दल मला कुणी काही सांगायला नको. पण दुसरं फळ? गोल, जांभळं, डोक्यावर हिरव्या जाड पाकळ्यांची टोपी. मँगोस्टीन, इथल्या भाषेत मांगिस. त्याला तर वासही नाही. खोलीत साधं फळ न्यायचं नाही म्हणजे काय! मला खरंच राग आला.

खरं सांगायचं तर तोवर मी मांगिस खाल्लंच नव्हतं. बाजारात जाळीच्या पिशवीत दिसायचं, पण जून-जुलै आला की माझा जीव हापूसच्या आठवणीत अडकलेला. दुसऱ्या फळाकडे बघणंही मला फितुरीसारखं वाटायचं.

दुसऱ्या दिवशी आम्ही बालिक पुलाउला गेलो. पिनांग बेटाच्या मागच्या अंगाला डोंगरउतारावर ड्युरियनच्या, मांगिसच्या, जायफळाच्या बागा. रस्त्याकडेला पत्र्याच्या शेडमध्ये एक माकचिक, म्हणजे आपली मावशीच, बसली होती. मी टणक, चकचकीत फळं निवडायला लागले तर तिने माझा हात धरला. "नको अदिक, दगड झालाय तो." मग अंगठ्याने दाबून दाखवलं. साल किंचित दबली पाहिजे, टोपी हिरवी पाहिजे. फळ उलटं केलं. बुडाशी छोटं फुलासारखं नक्षीकाम होतं. पाकळ्या मोजल्या, सहा. "आत सहा फोडी," ती म्हणाली. दोन्ही तळव्यांत धरून तिने फळ दाबलं. साल करकरत फुटली, बोटभर जाड, आतून बीटासारखी लाल, आणि मधोमध लसणाच्या गड्ड्यासारख्या पांढऱ्याशुभ्र फोडी. मोजल्या. सहाच.

चव गोड, मागून हलकी आंबट. पण मी चवीपाशी थांबलेच नाही, कारण माझी नजर माझ्या बोटांवर गेली. लाल-जांभळी, नखांच्या कडेने तपकिरी होत चाललेली. ही बोटं माझ्या ओळखीची होती. मे महिन्यात, पाऊस गाठायच्या आत, कुडाळच्या आमच्या अंगणात रातांबे फोडायला बसलेल्या आजीची.

तिथेच फोन काढून वाचलं. मांगिसचं शास्त्रीय नाव गार्सिनिया मँगोस्ताना, आपल्या कोकमाचं, म्हणजे रातांब्याचं, गार्सिनिया इंडिका. एकाच कुळातल्या सख्ख्या बहिणी! मला एवढा आनंद झाला की लेकीला धरून मी त्या माकचिकसमोर उड्या मारल्या. त्या भरात लेकीचे हात पुसायचे राहिले आणि संध्याकाळी हॉटेलच्या पांढऱ्या टॉवेलवर तिची पाचही बोटं उमटली. टॉवेलचे पैसे भरावे लागले. भरले. रातांब्याच्या दिवसांत चांगले कपडे घालून कुणी अंगणात उतरलं तर आजी कशी ओरडायची, ते आठवलं आणि पाटीवरचा राग तिथेच संपला.

रात्री आईला फोन केला. सगळं ऐकून घेऊन तिने एकच विचारलं, "आणि साल टाकून दितत?"

हाच प्रश्न नंतर मला सोडेना. मांगिसमध्ये दोन तृतीयांशाहून जास्त वजन सालीचं, आणि ती सगळी कचऱ्यात. आपण उलटे. सालीलाच रसाची पुटं देत, उन्हात वाळवत आमसूल करतो, मिठात मुरलेल्या रसाचं आगळ, आणि बियांच्या घट्ट तेलाचं मुठेल, जे आई अजून टाचांच्या भेगांना लावते. अंगावर पित्त उठलं की आमसुलाचं पाणी. काही म्हणजे काही वाया नाही.

आता आरोग्याचं, कारण इथल्या औषधांच्या दुकानांत मांगिसच्या रसाच्या बाटल्या आणि गोळ्या बघून माझं डोकं उठतं. मधुमेहापासून कर्करोगापर्यंत सगळ्यावर म्हणे उपाय! फळाच्या गरात भरपूर पाणी, साखर, थोडा चोथा. सी जीवनसत्त्व संत्र्याच्या मानाने फारच कमी. ज्याचा एवढा गाजावाजा चालतो ती झँथोन नावाची द्रव्यं मुख्यतः सालीत असतात. त्यातलं मँगोस्टिन तर 1855 सालीच वेगळं काढलं होतं. सूज कमी करणं, जंतू मारणं असे गुण त्यात दिसलेत, पण बहुतेक प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत नाहीतर उंदरांवर. आग्नेय आशियात ही साल जुलाबावर आणि जखमेवर पिढ्यान्‌पिढ्या वापरतात, आणि त्या वापराबद्दल मला आदर आहे. पण आजारी माणसाला आशा दाखवून बाटली गळ्यात मारणं मला पटत नाही, मग ते इथे असो की आपल्याकडे 'वजन घटवणारं कोकम' म्हणून असो.

कोकमाचं कौतुक मी जरा जास्त करते, असं नवरा म्हणतो. करणारच. इथे मांगिसला 'फळांची राणी' म्हणतात, आणि आमची तेवढीच गुणी बहीण पित्तावरचं सरबत म्हणून ओळखली जाते. झाडांची तऱ्हाही ऐकण्यासारखी. मांगिसचं बी परागीभवनाशिवाय धरतं, त्यामुळे रोप आईची हुबेहूब नक्कल. कोकमात नर-मादी झाडं वेगळी. सात-आठ वर्षं पाणी घालून झाड नर निघालं की बाबा दिवसभर बोलत नसत.

महिन्याभराने पुन्हा बालिक पुलाउला गेले तेव्हा आईने पाठवलेल्या आमसुलांची पुडी घेऊन गेले. माकचिकने एक सोल उचललं, हुंगलं, जिभेला लावलं आणि हसली. "आसाम!" म्हणाली, म्हणजे आंबट, आणि आतून बरणी घेऊन आली. पातळ, तपकिरी, वाळलेल्या चकत्या. आसाम कपिंग, गार्सिनियाचीच आणखी एक जात. पिनांगच्या आंबट लाक्सात, म्हणजे माशाच्या रश्श्यातल्या नूडल्समध्ये, ती हीच घालते. आणि मासा कुठला, विचारलं, तर तिने बर्फातून काढून दाखवला. बांगडा.

अर्धी पुडी तिच्याकडे ठेवली, तिच्या बरणीतल्या मूठभर चकत्या मी आणल्या. काल बांगड्याच्या तिखल्यात त्याच घातल्या.