हानलेच्या आकाशाखाली : दुर्बिणीला डीएसएलआर जोडण्यापूर्वी आणि जोडल्यावर

आकाशाचे फोटो काढण्यासाठी लडाखमधील हानले गाठायचे, तर लेह ते हानले हे सुमारे २७० किलोमीटरचे अंतर उपशी, न्योमा, लोमा या मार्गाने एका दिवसात कापता येते. तरीही विमानातून उतरताच तिकडे निघू नये. लेह ३,५०० मीटरवर आहे आणि हानले गाव सव्वाचार हजार मीटरच्या आसपास. डोके ठणकत असताना, हातमोजे घालून, अंधारात माउंटचे (दुर्बिणीच्या आधाराचे) बारीक स्क्रू फिरवणे जमत नाही, म्हणून लेहमध्ये किमान दोन रात्री काढाव्यात. हानलेला जाण्याच्या परवान्याचे नियम बदलत असल्यामुळे त्यांची चौकशी तिथेच करावी आणि इंधन वाटेतल्या कारूपर्यंत पूर्ण भरून घ्यावे.

आम्ही सप्टेंबरअखेरची अमावस्या धरली होती. हानलेच्या खगोलीय वेधशाळेभोवतीचा हा परिसर २०२२ मध्ये ‘डार्क स्काय रिझर्व्ह’ (कृत्रिम प्रकाशापासून जपलेल्या अंधाऱ्या आकाशाचा प्रदेश) म्हणून अधिसूचित झाला असून गावातील काही तरुण-तरुणींना पाहुण्यांना आकाश दाखवण्याचे प्रशिक्षण मिळाले आहे. कुठे उभे राहावे, वारा कोणत्या बाजूने येतो हे त्यांनाच विचारावे. मुक्कामाच्या खोलीचे पडदे ओढून घ्यावेत, हाती लाल प्रकाशाची विजेरी ठेवावी आणि वेधशाळेच्या दिशेने गाडीचे दिवे वा लेझर रोखू नये. डोंगरावरची दोन मीटर व्यासाची हिमालयन चंद्र दुर्बीण बंगळुरूजवळच्या होसकोटेहून उपग्रहामार्फत चालवली जाते. आपल्याला मात्र कुडकुडत बाहेरच बसावे लागते.

आमची सामग्री साधी होती : ८० मिलिमीटर व्यासाची, ४८० मिलिमीटर नाभीय अंतराची अपवर्तक (भिंगांची) दुर्बीण, ताऱ्यांच्या गतीने फिरणारा इक्वेटोरियल माउंट आणि एपीएस-सी आकाराच्या सेन्सरचा डीएसएलआर कॅमेरा. नेत्रिका काढून टी-रिंगने (जोडकड्याने) कॅमेरा थेट बसवला की दुर्बीणच त्याची लेन्स होते आणि साधारण २.७ बाय १.८ अंशांचे आकाश चौकटीत येते. चौकटीच्या कडांवरचे तारेही रेखीव ठेवणारे जादा भिंग, म्हणजे फील्ड फ्लॅटनर, वापरायचा असल्यास त्यापासून सेन्सरपर्यंतचे अंतर, जे बहुधा ५५ मिलिमीटर असते, घरीच तपासावे. न्यूटोनियन (आरशाची) दुर्बीण नेणाऱ्यांनी तर दूरच्या दिव्यावर फोकस मिळतो का, हे आधीच पाहावे, कारण अशा अनेक दुर्बिणींचा फोकसर कॅमेऱ्यासाठी पुरेसा आत जात नाही आणि त्यावर हानलेत काही इलाज नाही.

ध्रुवतारा पुण्यातून साडेअठरा अंशांवर दिसतो, हानलेहून जवळजवळ तेहेतीस अंशांवर; त्यामुळे माउंटचा अक्षांश नव्याने लावावा लागतो. ध्रुवीय जुळणीत, म्हणजे माउंटचा अक्ष खगोलीय ध्रुवाकडे नेमका रोखण्यात, आळस केल्यास पुढचे सगळे फुकट जाते. पृथ्वीच्या फिरण्यामुळे खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा सेकंदाला १५ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) सरकतो आणि आमच्या जोडणीत हे सरकणे आठेक पिक्सेलचे होते, म्हणजे माग न ठेवता एका सेकंदाचा फोटोही ताणला जातो. फोकस तेजस्वी ताऱ्यावर, लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करून, बाख्तिनोव्ह मास्कने (फोकस अचूक दाखवणाऱ्या, दुर्बिणीच्या तोंडावर लावायच्या खाचांच्या झाकणाने) साधावा. रात्री तापमान उतरते तशी नळी आकुंचन पावते, तेव्हा तासाभराने तो पुन्हा तपासणे आवश्यक आहे.

देवयानी दीर्घिका मध्यरात्रीनंतर जवळजवळ डोक्यावर येते. या स्थितीत कॅमेरा तिपाईच्या पायावर आपटू शकतो, यासाठी फिरण्याची वाट आधी हाताने पाहून घ्यावी. आयएसओ १६००, रॉ फाइल आणि नंतर एकत्र जोडण्यासाठी ६० ते ९० सेकंदांचे अनेक फोटो हा आमचा बेत ऑटोगायडिंगशिवायही (दुसऱ्या कॅमेऱ्याने माग आपोआप सुधारत राहण्याच्या सोयीशिवायही) पुरला. पहाटे मृगातील तेजोमेघ वर येतो. त्याच्या उजळ गाभ्यासाठी काही सेकंदांचे वेगळे फोटो घ्यावेत. मूळ स्थितीतल्या डीएसएलआरचा फिल्टर ६५६ नॅनोमीटरचा लाल प्रकाश बराच अडवतो, म्हणून निव्वळ लाल, फिकट तेजोमेघांवर ती मोलाची रात्र घालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

थंडीत बॅटऱ्या झपाट्याने उतरतात. जादा बॅटऱ्या आतल्या खिशात ठेवाव्यात. विमानात सुट्या लिथियम बॅटऱ्या हातसामानातच न्याव्या लागतात आणि १०० वॉट-तासांपेक्षा मोठ्या पॉवर बँकेसाठी विमान कंपनीची परवानगी लागते. निघण्यापूर्वी टोपण लावून त्याच तापमानात डार्क फ्रेम (सेन्सरचे स्वतःचे दोष नंतर वजा करण्यासाठीचे काळे फोटो) घ्याव्यात. तिथली धूळ सेन्सरपर्यंत पोहोचतेच. म्हणून उजाडताच, कॅमेरा न काढता व फोकस न हलवता, दुर्बिणीच्या तोंडावर पांढरे कापड ताणून फ्लॅट फ्रेम (धुळीचे डाग नंतर काढण्यासाठीचे एकसारख्या उजेडाचे फोटो) घ्याव्यात आणि मगच जोडणी सोडवावी.